सरळ कुणाला करायचे?

२०२२ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. नाताळचा फ्रॉक शिवायला आम्ही आमच्या बारा वर्षांच्या लेकीला शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे घेऊन गेलो. बाई आमच्या घरोब्यातल्या. लेकीच्या बारशापासूनचे सारे कपडे त्यांच्याच हातचे. आठ दिवसांनी फ्रॉक घालून पाहिला, तर खालची कड एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. बाईंनी शिलाई उसवली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. मग त्यांनी लेकीला पाठमोरी उभी केली, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून पाहिले आणि आम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "कपड्यात चूक नाही. पोरीच्या पाठीत काहीतरी आहे. डॉक्टरांना दाखवा."

त्या दिवसापासून पुढच्या तीन वर्षांत आम्ही पुष्कळ शिकलो. काही वैद्यकीय शिकलो, ते खाली सांगणारच आहोत. पण त्याच्या जोडीने एक प्रश्न आमच्या घरात येऊन बसला, आणि तो डॉक्टरांच्या अखत्यारीतला नव्हता. आपल्या मुलाला सरळ करण्याचा आई-बापांना अधिकार किती? आणि सरळ नेमके काय करायचे असते, पाठ की पोर? वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न पाठीच्या आजाराबरोबर संपत नाही. म्हणूनच तो आपल्यापुढे मांडावा, असे आम्हाला वाटले.

हा बाक कसला?

या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाकडा. मागून पाहिले तर निरोगी कणा सरळ रेषेत दिसतो. स्कोलिओसिसमध्ये तो बाजूला झुकतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती थोडे फिरतातही. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्यासारख्या दिसतात, एक खांदा वर वाटतो, कमरेची घडी एका बाजूला खोल पडते. उभे राहून काढलेल्या एक्स-रेवर बाकाचा कोन मोजतात. ही पद्धत अमेरिकेतील डॉक्टर जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली, म्हणून त्याला कॉबचा कोन म्हणतात. तो दहा अंश किंवा अधिक असेल तरच स्कोलिओसिस म्हणायचे.

काही मुलांचे मणके जन्मतःच सदोष घडलेले असतात. काहींना मेंदूच्या किंवा स्नायूंच्या आजारामुळे बाक येतो. पण दहापैकी सुमारे आठ मुलांमध्ये कारण सापडतच नाही. यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार दहा वर्षांनंतर, मूल झपाट्याने उंच होऊ लागते तेव्हा, लक्षात येतो. किशोरवयातल्या शंभर मुलांत दोन-तीन जणांना तो असतो. बहुतेकांचा बाक लहान असतो आणि त्याला काहीच करावे लागत नाही. मात्र ज्यांचा बाक वाढतो त्यांत मुलांपेक्षा मुली कितीतरी पट अधिक असतात.

उपचारांच्या पायऱ्या तशा सोप्या आहेत. बाक वीस-पंचवीस अंशांच्या आत असेल तर दर चार-सहा महिन्यांनी तपासत राहायचे. पंचवीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान असून वाढ शिल्लक असेल तर ब्रेस, म्हणजे काखेपासून कमरेखालपर्यंत अंगाला घट्ट बसणारा कडक प्लास्टिकचा पट्टा. पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार, कारण एवढा बाक वाढ थांबल्यानंतरही हळूहळू वाढू शकतो. बाकानुसार शिकवलेल्या खास व्यायामांचाही आधार घेतात. स्वतः हा विकार असलेल्या कॅथरिना श्रॉथ या जर्मन बाईंनी १९२१ मध्ये अशा व्यायामांची शाळा सुरू केली होती.

दोष कुणाचा?

डिसेंबरमधल्या एक्स-रेत आमच्या लेकीचा कोन चोवीस अंश निघाला. डॉक्टर म्हणाले, "अजून वाढ पुष्कळ बाकी आहे. घाबरू नका, पण चार महिन्यांनी नक्की या."

घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणाले, दप्तर जड होते. कुणी म्हणाले, पलंगावर लोळून अभ्यास करते म्हणून. एका वयस्क नातेवाईक बाईंनी तर विचारले, "पोटात असताना ग्रहण पाळले नव्हते का?" आणि सर्वांत जिव्हारी लागलेले वाक्य कुणी तोंडाने बोललेच नाही. ते आमच्याच मनात उमटले होते : आपल्या हातून असे काय झाले, की देवाने हे लेकीच्या पाठीवर ठेवावे?

आता स्पष्ट सांगतो. दप्तराच्या ओझ्याने पाठ दुखू शकते, पण या प्रकारचा बाक त्याने येत नाही. वाकून बसल्याने येत नाही. ग्रहणाने तर नाहीच नाही. घराण्यात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, एवढेच. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते, की पाप कुणाचे, याचे की याच्या आई-बापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. हा उतारा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्ही शिष्यांच्याच रांगेत उभे राहिलो.

दोष शोधणाऱ्या मनाला झटपट उपाय हवा असतो. आम्ही ठरल्या वेळी डॉक्टरांकडे गेलोच नाही. कुणीतरी सांगितले म्हणून एका हाडवैद्याकडे मालिश सुरू केली. दर आठवड्याला तो म्हणे, "फरक पडतोय." आम्हालाही फरक दिसू लागला, कारण आम्हाला तो पाहायचा होता. चार महिन्यांचे सात महिने झाले. २०२३ च्या जुलैत एक्स-रे काढला तेव्हा कोन एकतीस अंश होता. मालिशीने बाक वाढला, असे आम्ही म्हणत नाही. वेळेवर गेलो असतो तरी तो वाढला असता, हेही शक्य आहे. पण वाढत्या मुलीचे तीन महिने आम्ही वाया घालवले, आणि ते तिचे होते, आमचे नव्हते.

बांधलेले झाड

अस्थिरोगाच्या शास्त्राला ऑर्थोपेडिक्स म्हणतात. हा शब्द निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये आपल्या पुस्तकासाठी घडवला. दोन ग्रीक शब्द जोडले : सरळ आणि मूल. म्हणजे या शास्त्राच्या नावातच मुलाला सरळ करणे आहे! त्या पुस्तकात एक चित्र होते. वाकड्या बुंध्याचे झाड, शेजारी सरळ खुंटा, आणि झाडाला खुंट्याशी बांधणारा दोर. जगभरातल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संस्था आजही ते चिन्ह वापरतात.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये लेकीला ब्रेस मिळाला, त्या सुमारास आम्ही हे चित्र पाहिले. आधी ते फार आवडले. वाडीतल्या माणसाला यात नवीन काही नाही. केळीला टेकू देतो, वेलाला मांडव देतो, कलमाला काठी बांधतो. आई-बाप म्हणजे दुसरे काय?

पण जसजसे दिवस गेले तसतसे त्या चित्रातले एक न्यून कळू लागले. झाड बोलत नाही. रात्री उठून, "मला झोप येत नाही, बरगडीला टोचतंय," असे म्हणत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात झाडाच्या अंगावर घामोळे येत नाही. वर्गातली मुले झाडाला "रोबो" म्हणत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, आपण पाठ फिरवली की झाड दोर सोडून ठेवत नाही. मूल ठेवते.

अठरा तास

ब्रेसचा खरोखर उपयोग होतो का, याबद्दल डॉक्टरांमध्येच बरीच वर्षे शंका होती. मग अमेरिका व कॅनडातल्या पंचवीस रुग्णालयांनी मिळून एक अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा ते पंधरा वर्षांची, वीस ते चाळीस अंश बाक असलेली २४२ मुले त्यात होती. काहींचा गट चिठ्ठी टाकावी तसा ठरवला. पण पुष्कळ कुटुंबांना असे नशिबावर सोडणे मान्य नव्हते. त्यांना स्वतः निवड करू दिली. रोज अठरा तास ब्रेस घालायचा होता.

वाढ पूर्ण होईपर्यंत बाक पन्नास अंशांच्या आत राहिला तर यश मानायचे, असे ठरले होते. ब्रेस दिलेल्यांत शंभरी बहात्तर जणांना यश आले. नुसते लक्ष ठेवलेल्यांत अठ्ठेचाळीस जणांना. फरक इतका स्वच्छ दिसला, की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. ब्रेसच्या आत तापमान नोंदवणारे बारीक यंत्र बसवले होते, त्यामुळे कुणी खरोखर किती तास घातला तेही कळले. रोज सरासरी तेरा तास किंवा अधिक घालणाऱ्यांत यश शंभरी नव्वदच्या वर गेले. सहा तासांपर्यंतच घालणाऱ्यांची स्थिती न घालणाऱ्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती.

या आकड्यांवर थोडे थांबू या. पहिल्या नजरेत ते आई-बापांच्या बाजूने बोलतात : बघ, घातला तर फायदा आहे! पण नीट पाहिले तर ते दोन्ही बाजूंनी बोलतात. ब्रेस न घालताही जवळजवळ निम्मी मुले शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहिली. म्हणजे ब्रेस घालणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ जणांना त्याची गरज नसणार. आणि ब्रेस दिलेल्यांपैकीही शंभरात अठ्ठावीस जणांना यश आले नाही. आपले मूल कोणत्या गटातले, हे आधी कुणालाच ठाऊक नसते. शिवाय यश म्हणजे पाठ सरळ होणे नव्हे. ब्रेस सहसा बाक काढून टाकत नाही, तो बाकाला थोपवून धरतो.

हे सगळे आम्ही वाचले होते. पण लेकीला सांगितले एवढेच, "बाळ, हा घातलास की पाठ सरळ होईल." ते खोटे होते. प्रेमाने बोललेले, पण खोटेच.

लग्नघरातली संध्याकाळ

२०२४ च्या जानेवारीत आमच्या पुतण्याचे लग्न होते. सारा गोतावळा जमणार होता. निघताना आम्ही लेकीला म्हणालो, "आजच्या दिवस ब्रेस राहू दे. चार माणसे विचारतील. उगाच चर्चा नको." ती काही बोलली नाही. तिने ब्रेस काढला, पलंगाखाली सारला आणि आमच्याबरोबर आली.

पंधरा दिवसांनी कळले, की शाळेत जाताना ती तो दप्तराच्या जागी पिशवीत घालून नेते, स्वच्छतागृहात काढून ठेवते आणि घरी येताना पुन्हा चढवते. रात्रीही आम्ही झोपलो की पट्टे सैल करते. आम्ही रागावलो. खर्चाचा हिशेब काढला, डॉक्टरांचे नाव घेतले, देवाचेही घेतले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले अठरा तास. तुम्ही म्हणालात, पाहुणे नसतील तेवढे तास. मग मी पण माझे तास ठरवले."

आणि थोड्या वेळाने, "तुम्हाला माझी पाठ बरी व्हायला हवी आहे, की ती कुणाला दिसायला नको आहे?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण खरे उत्तर होते : दोन्ही. आणि त्यातले दुसरे आम्ही पहिल्याच्या आड लपवले होते. ब्रेस काढायला तिला आम्हीच शिकवले होते. तिला तो टोचत होता हे खरे, पण प्लास्टिकपेक्षा जास्त आमची लाज टोचत होती.

वाकडे ते वाईट?

ही लाज येते कुठून? आपली भाषाच पाहा ना. सज्जन माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. दुर्जन वाकड्या वळणाचा. विरोध करणारा वाकड्यात शिरतो, अभद्र बोलणारा वाकडे बोलतो, आणि धैर्य नसलेल्याला तर कणाच नसतो. हे शब्द आपण स्वभावाबद्दल वापरतो, पण ज्याच्या पाठीला खरोखर बाक आहे ते लेकरू ते कोणत्या कानांनी ऐकत असेल?

ही सवय केवळ आपली नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी लढाईत मारला गेला. सुमारे शंभर वर्षांनी शेक्सपिअरने त्याला रंगभूमीवर आणले ते कुबडा, विद्रूप आणि म्हणून दुष्ट असा. शतकानुशतके लोकांनी तो तसाच पाहिला. २०१२ मध्ये लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. कण्याला खरोखरच मोठा बाक होता, पासष्ट ते पंच्याऐंशी अंशांचा, किशोरवयात सुरू झालेला. पण तो कुबडा नव्हता. एक खांदा थोडा वर दिसत असेल, आणि चांगल्या शिंप्याच्या कपड्यांत किंवा चिलखतात तेही झाकले गेले असेल, असे अभ्यासकांनी २०१४ मध्ये लिहिले. असली पाठ घेऊन तो घोड्यावर बसून लढला. राजा म्हणून तो चांगला की वाईट, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण त्या वादात त्याच्या पाठीची साक्ष काढता येत नाही. आपल्या मातीतल्या संत चोखोबांनी वाकड्या उसातल्या रसाचा दाखला देऊन हेच फार पूर्वी सांगितले आहे.

सभास्थानातली बाई

लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या एका बाईची हकिकत आहे. ती शब्बाथ दिवशी सभास्थानात आली होती. प्रभू येशूने तिला पाहिले, हाक मारून जवळ बोलावले, तिच्यावर हात ठेवले आणि ती उभी राहिली. सभास्थानाचा अधिकारी चिडला, तेव्हा प्रभूने तिला सर्वांदेखत अब्राहामाची कन्या म्हटले.

आम्ही हा उतारा पूर्वी बरे होण्याचा उतारा म्हणून वाचत असू. त्या जानेवारीनंतर वाचला तेव्हा दुसरेच दिसले. इतकी वर्षे वाकलेली ती बाई तिथल्या लोकांना अनोळखी असणे कठीण. तरी तिला पुढे बोलावणारे तोवर कुणी दिसत नाही. आणि प्रभूने तिला बरे करण्यासाठी कोपऱ्यात नेले नाही. आम्ही मात्र आमच्या लेकीला लग्नघरात न्यायच्या आधी तिच्या पाठीचा पुरावा पलंगाखाली ढकलला होता.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. हा उतारा वाचून कुणी उपचार सोडू नयेत. प्रार्थना आम्ही केली, आजही करतो. पण प्रार्थनेच्या भरवशावर एक्स-रे चुकवणे म्हणजे श्रद्धा नव्हे. ती मालिशीचीच दुसरी आवृत्ती.

मग अधिकार किती?

काही पालक म्हणतील, लहान मुलाला काय विचारायचे? लस टोचताना विचारतो का? रडले तरी धरून टोचतोच ना! म्हणणे खरे आहे. पण लसीची सुई क्षणाची असते, आणि तिला मुलाची साथ लागत नाही. ब्रेस दोन-तीन वर्षांचा, रोजच्या अठरा तासांचा. बळजबरीने तो बांधता येतो, घालायला लावता येत नाही. इथे मुलाची संमती हा नुसता सौजन्याचा प्रश्न राहत नाही, ती औषधाचाच भाग होते.

दुसरे टोकही आम्हाला पटत नाही : मुलगी नको म्हणते ना, मग तिचे शरीर, तिची मर्जी. तेरा वर्षांच्या मुलीला पुढची चाळीस वर्षे दिसत नाहीत, उद्याची सहल दिसते. आई-बापांना ती चाळीस वर्षे दिसतात, पण प्लास्टिकमध्ये कोंडलेले अंग आई-बापांचे नसते. एकाला दूरचे दिसते, दुसऱ्याला जवळचे. दोघांनी एकमेकांना दिसणारे सांगितल्याशिवाय निर्णय पुरा होत नाही.

म्हणून आम्हाला वाटते, की आई-बापांच्या अधिकाराला तीन अटी आहेत. पहिली, सत्य. मुलाला झेपेल अशा शब्दांत, पण खरे सांगायचे : किती फायदा, किती अनिश्चितता, किती त्रास. दुसरी, मुलाचे म्हणणे ऐकून त्याने काहीतरी खरोखर बदलले पाहिजे. निर्णय आधीच घेऊन "तुला काय वाटते" विचारणे म्हणजे ऐकणे नव्हे. तिसरी, लाजेचा वापर करायचा नाही, ना मुलाला वळवण्यासाठी, ना स्वतःला वाचवण्यासाठी. या अटी पाळल्यावर आग्रह धरण्याचा हक्क आई-बापांना आहे. तपासणीला नेणे, डॉक्टरांचे पूर्ण ऐकून घ्यायला लावणे, आजचा नकार उद्या पुन्हा विचारणे, एवढे आम्ही कोणत्याही परिस्थितीत केले असते.

शस्त्रक्रियेच्या वेळी हे आणखी कठीण होते. कागदावर सही आई-बापांची, पण सळ्या आणि स्क्रू लेकराच्या पाठीत राहणार, आणि जोडलेले मणके आयुष्यभर पूर्वीसारखे वाकणार नाहीत. जी मुले मेंदूच्या आजारामुळे बोलू शकत नाहीत, त्यांच्याबाबत तर आई-बापांना त्यांच्या चेहऱ्यावरच होकार-नकार वाचावा लागतो. असे पालक आपल्या धर्मग्रामातही असतील. त्यांना सल्ला द्यायला कुणी धावू नये. त्यांच्याजवळ जाऊन बसावे.

आमच्या घरी पुढे काय झाले? आम्ही लेकीची माफी मागितली. मग टेबलावर एक्स-रे ठेवला आणि ते आकडे तिला जसेच्या तसे सांगितले. तिने विचारले, "म्हणजे न घालताही निम्म्या जणी वाचतात?" आम्ही म्हटले, "जवळजवळ." "मग मी त्यातली नसेन कशावरून?" आम्ही म्हटले, "माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही." ती बराच वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी घालते. पण खेळाच्या तासाला आणि नाचाच्या सरावाला नाही. आणि वर्गात मीच सांगणार, तुम्ही बाईंना चिठ्ठी द्यायची नाही." डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "पंधरा-सोळा तास मनापासून घातला तर मला चालेल."

वर्गात तिने काय सांगितले ते आम्हाला ठाऊक नाही. एवढे कळले, की मैत्रिणी येता-जाता ब्रेसवर दारासारखे टकटक करत आणि ती आतून "कोण आहे?" असे विचारी.

त्या अभ्यासातल्यासारखे तास मोजणारे यंत्र मिळाले असते तर आम्ही तिच्या नकळत बसवले असते का? त्या पंधरवड्यात विचारले असते तर हो म्हटले असते. आज म्हणणार नाही.

लग्नाच्या वेळी सांगायचे का?

हा प्रश्न आम्हाला हळू आवाजात अनेकांनी विचारला आहे, आणि ब्रेस लपवण्यामागे पुष्कळदा तोच असतो. आमचे उत्तर : सांगायचे. कबुलीजबाब म्हणून नव्हे, माहिती म्हणून. या विकाराच्या बहुतेक स्त्रियांचे संसार, बाळंतपणे, नोकऱ्या इतरांसारख्याच होतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कोणताही उपचार न झालेल्या रुग्णांचा पन्नास वर्षे मागोवा घेतला गेला, तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठदुखी त्यांना इतरांपेक्षा जास्त होती, दिसण्याची खंतही होती, पण बहुतेकांनी कामधंदा, संसार नीट केला होता. जे घर एवढे ऐकून मागे फिरेल, तिथे लेकीने पुढे दुसऱ्या कोणत्या दुखण्यासाठी आधार मागायचा?

आणि सांगायचे ते तिने. आम्ही तिच्या वतीने लपवायचे नाही, तसे तिच्या वतीने जाहीरही करायचे नाही. हा लेख तिने आधी वाचला आहे. दोन ठिकाणी तिने रेघ मारली, ती वाक्ये आम्ही काढली.

पालकांसाठी

शाळेत सरसकट सर्व मुलांची पाठ तपासावी का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००४ मध्ये नको म्हटले, आणि २०१८ मध्ये पुरावा अपुरा आहे, असे म्हटले. पण घरी पाहायला कुणाची हरकत नाही. मूल दहा ते चौदा वर्षांचे असताना अधूनमधून, त्याला विचारून, पाठीकडे नजर टाका. पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात जोडून खाली सोडत त्याला पुढे वाकायला सांगा. मागून पाहताना पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उचललेली दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. घाबरू नका. आणि त्यांनी "चार महिन्यांनी या" म्हटले तर चारच महिन्यांनी जा.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या लेकीची वाढ पूर्ण झाली, असे डॉक्टरांनी सांगितले आणि ब्रेस सुटला. कोन चौतीस अंश आहे. पाठ सरळ झाली नाही, होणारही नव्हती. उजवा खांदा किंचित वर दिसतो. डॉक्टर याला यश म्हणतात, आम्हीही म्हणतो.

त्या नाताळला ती फ्रॉक शिवायला त्याच बाईंकडे गेली, यावेळी एकटी. बाईंनी माप घेतले आणि खालची कड एका बाजूला अर्धा इंच जास्त ठेवून कापली. मध्यरात्रीच्या मिस्साला ती आमच्या पुढच्या बाकावर मैत्रिणींबरोबर उभी होती. आम्ही मागून पाहिले. कड सगळीकडून सारखी होती.